हातातल्या कामात मन कसं रमवायचं: नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

आडत दुकानात हिशेबाला नवीन मुलगा किंवा मुलगी लागली की महिना-दीड महिन्यात एक वाक्य हमखास कानावर येतं: "मन लागत नही." बाजार समितीत ते ऐकतो, एमआयडीसीतल्या डाळमिलमध्ये आणि चटईच्या कारखान्यात लागलेली पोरं संध्याकाळी चहाला भेटतात तेव्हा ऐकतो, पुण्याला नोकरीला गेलेल्या भाच्यांच्या फोनवरही तेच. बहुतेकांचा समज असा की आवडीचं काम मिळालं असतं तर मन आपोआप लागलं असतं. माझी हयात रोजमेळ आणि हिशेबपट्ट्या (शेतकऱ्याला विकलेल्या मालाचं वजन, भाव, वजावट आणि हाती येणारी रक्कम लिहून द्यायचा कागद) लिहिण्यात गेली, नव्यांना शिकवायचं कामही माझ्याकडेच असतं, म्हणून ठामपणे सांगतो: रमण्यासाठी काम आधी आवडावं लागत नाही, ते नीट मांडून घ्यावं लागतं. मांडणी जमली की मन लागतं, आणि आवड बहुतेक वेळा त्याच्या मागून येते.

ही मांडणी शिकता येते. ज्या क्रमाने मी ती शिकवतो, त्याच क्रमाने इथे देतोय. तुम्ही केळीच्या बागेत असा, जिनिंगमध्ये असा, तहसीलच्या बाहेर अर्ज भरून देत असा किंवा घरी स्वयंपाक करत असा, पायऱ्या त्याच. फक्त उदाहरणं आपापली घाला.

आधी हे समजून घ्या

कामात पूर्ण बुडून जाण्याच्या या अवस्थेचा सगळ्यात खोलवर अभ्यास केला तो मिहाय चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने. जन्म 1934 चा, कुटुंब हंगेरियन, शिक्षण आणि बरंचसं काम अमेरिकेत शिकागोला. 2021 मध्ये ते वारले. सुरुवातीला त्यांना कुतूहल वाटलं ते चित्रकारांचं. चित्र रंगात आलं की या लोकांना भूक, थकवा, वेळ कशाचंच भान राहायचं नाही. आणि चित्र पूर्ण झालं की त्यातला त्यांचा रस संपायचा. म्हणजे सुख विकायला तयार झालेल्या चित्रात नव्हतं, ते काढण्यात होतं. मग त्यांनी गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, नर्तक, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर अशांना गाठून विचारलं. धंदे वेगळे, पण वर्णन थेट एकसारखं. 1975 मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं. त्यांच्या मते ही अवस्था येण्यासाठी प्रामुख्याने तीन गोष्टी लागतात: पुढच्या क्षणी काय करायचं ते स्वच्छ माहीत असणं, केलेलं बरोबर की चूक ते लगेच कळणं, आणि काम आपल्या कुवतीच्या जरासं वर असणं.

त्यांचा एक अभ्यास मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. नोकरदार लोकांकडे पेजर दिले होते. दिवसभरात तो कधीही वाजायचा, आणि वाजला की आत्ता काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं. 1989 मध्ये छापलेल्या या अभ्यासात असं दिसलं की मन एकवटण्याचे क्षण मोकळ्या वेळेपेक्षा कामावर असताना कितीतरी जास्त येत होते. आणि तरीही कामावर असताना माणसं लिहीत होती, आत्ता इथे नसतो तर बरं झालं असतं. संध्याकाळी टीव्हीपुढे बसल्यावर त्यांना कुठे जावंसं वाटत नव्हतं, पण मन मात्र मरगळलेलं. कामाबद्दल आपण मनात जे धरून बसलोय आणि काम करताना प्रत्यक्ष जे घडतं, त्यात एवढी तफावत असते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, नाहीतर निराश व्हाल. बुडालेला असताना माणसाला "मी आनंदात आहे" असं वाटत नाही. तेवढा विचार करायला मनात जागाच नसते. मान वर करतो, घड्याळ बघतो, समोरचा चहा थंड झालेला असतो, आणि तेव्हा कुठे आत काहीतरी भरल्यासारखं वाटतं. आनंद मागाहून येतो. तो मधेच तपासत बसलात तर तंद्री मोडते.

पायरी पहिली: दिवसातला एकच तुकडा निवडा

सगळी नोकरी रमणीय करायला जाऊ नका. दिवसातला अर्धा ते दीड तासाचा एक तुकडा निवडा, रोज होणारा आणि शक्यतो ठरलेल्या वेळचा. माझ्यासाठी तो लिलाव संपल्यानंतरचा पट्ट्या लिहिण्याचा वेळ. तुमच्यासाठी तो सकाळी दुकान लावण्याचा असेल, ठिबकच्या नळ्या तपासण्याचा असेल, संध्याकाळच्या भाकऱ्यांचा असेल. दिवसातलं सगळ्यात नावडतं काम पहिल्यांदा घेऊ नका. मधलं घ्या, ना फार आवडतं ना फार नकोसं.

पायरी दुसरी: शेवट आधी ठरवा

"आज पट्ट्या लिहायच्या" हे काम नव्हे. "तीन वाजेपर्यंत दादरच्या (म्हणजे रब्बी ज्वारीच्या) सगळ्या पट्ट्या लिहून शेतकऱ्यांच्या हातात द्यायच्या" हे काम. पहिल्यात मन कुठे टेकत नाही, दुसऱ्यात टेकतं. काम मोठं असेल तर शेवट अलीकडे ओढा. केळीचं उदाहरण घ्या: लागवडीपासून घड कापेपर्यंत वर्षाच्या आसपास जातं. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली मृगबाग असो की पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग, एवढ्या लांबच्या शेवटावर मन रोज ठेवता येत नाही. पण "जेवणाच्या सुट्टीआधी या चार ओळींतले पील (झाडाच्या बुडाशी फुटलेले कोंब) कापून होतील" यावर ठेवता येतं.

या बाबतीत धुळ्याच्या तुरुंगाची आठवण आपल्याकडे जपली पाहिजे. 1932 साली विनोबा तिथे कैदेत होते आणि इतर कैद्यांसमोर गीतेवर बोलत. 18 अध्याय, 18 रविवार. 21 फेब्रुवारीला सुरुवात, 19 जूनला शेवट. साने गुरुजीही त्याच तुरुंगात होते. ते बसून सगळं लिहून घेत. तुरुंगात किती दिवस काढायचे ते कैद्याच्या हातात नसतं. पण या रविवारचा अध्याय या रविवारी, हे हातात होतं. अध्यात्म बाजूला ठेवलं तरी कामाचा घास केवढा घ्यायचा ते यातून शिकण्यासारखं आहे.

पायरी तिसरी: बरोबर की चूक ते लगेच कळेल अशी सोय करा

माझ्या मते सगळी गंमत इथे आहे, आणि नवीन माणसं नेमकी हीच पायरी गाळतात. म्हणून जरा रेंगाळतो.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, किंवा एखाद्या लग्नघरी, मांडे (खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या) करणाऱ्या बाईसमोर अर्धा तास बसून बघा. वस्त्रगाळ पिठाची कणीक पाणी आणि तेल लावून लावून तिंबलेली असते, इतकी सैल की ताटात ठेवली तर पसरेल. पुरण भरलेला उंडा ती आधी तळहातांवर थापते. मग या हातावरून त्या हातावर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत फिरवत मोठा करते. प्रत्येक झेलीला तिच्या हाताला निरोप मिळतो: इथे जाड राहिलं, इथे पुरण एका जागी जमलं, इथे आणखी एकदा ताणलं तर फाटेल. मांडा पुरेसा पसरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर तो अलगद सोडायचा, आणि तिथेही सांगणारं आहेच: खापर जास्त तापलं असेल तर लगेच डाग पडतो, कमी तापलं असेल तर मांडा पांढरट राहतो. ती बाई शेजारणीशी बोलत नाही, फोनकडे बघत नाही. तिने तसं ठरवलेलं नसतं. काम तिला इतक्या वेळा विचारतं आणि इतक्या वेळा उत्तर देतं की दुसरीकडे बघायला उसंतच उरत नाही.

आता आमचा हिशेब घ्या. सकाळी अकरा वाजता 47 चे 74 लिहिले तर ते कळतं रात्री, मेळ बसेना तेव्हा. मधले आठ-दहा तास काम मुकं असतं. मुक्या कामात मन भटकणारच, त्यात त्या पोराचा दोष नाही. म्हणून मी नव्यांना सांगतो: दर दहा पट्ट्या झाल्या की थांबा, मापाड्याच्या (माल मोजणाऱ्याच्या) वहीतला पोत्यांचा आकडा आणि तुमच्या पट्ट्यांवरचा आकडा ताडून बघा. जुळला तर बारीक खूण करा, पुढे चला. नाही जुळला तर दहाच पट्ट्यांत शोधायचं आहे. कॉम्प्युटरवर टॅलीत नोंद करत असाल तरी हेच करा. रात्रीचा त्रास वाचतो हे तर झालंच, पण दिवसभर काम तुमच्याशी बोलत राहतं.

कपाशीच्या वेचणीत वजनाचा निरोप आपोआप मिळतो. ओटी जड होत जाते. पण स्वच्छतेचा मिळत नाही. वेचताना वाळलेला पाला, बोंडाच्या सालीचे तुकडे सोबत येतात आणि ते कळतं थेट काट्यावर, व्यापाऱ्याने भाव पाडला की. ओळ संपल्यावर ओटीत एकदा हात घालून बघायची सवय लावा: या ओळीत किती कचरा आला? पुढच्या ओळीत त्याहून कमी. बोटं आपोआप नेमकी पडायला लागतात. दव ओसरल्यावर सुरुवात करा आणि दुपारी पानं कडकडीत वाळून चुरा व्हायच्या आत जास्तीत जास्त उरकून घ्या, म्हणजे काम तुमच्या बाजूने राहतं.

कामातून उत्तर येण्याची सोयच नसेल तर माणसाकडून मिळवा, पण नेमकं विचारा. "कसं झालं दादा?" विचारलं तर "ठीक शे" एवढंच ऐकायला मिळेल. "या पाच अर्जांत कुठला परत येईल असं वाटतं?" असं विचारा. जुना माणूस लगेच बोट ठेवतो.

पायरी चौथी: अवघडपणा कमी-जास्त करायला शिका

काम फार अवघड असेल तर छाती दडपते, फार सोपं असेल तर जांभया येतात. दोन्हींमध्ये तक्रार मात्र एकच ऐकू येते, मन लागत नाही. म्हणून आधी आपलं दुखणं कुठलं ते ओळखा. काम सुरू करताना पोटात गोळा येत असेल, टाळाटाळ होत असेल, तर काम मोठं पडतंय. सारखं घड्याळाकडे लक्ष जात असेल तर ते छोटं पडतंय.

मोठं पडत असेल तर त्याचे भाग पाडा आणि एक भाग पक्का होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. नव्या मुलाला मी पहिल्या आठवड्यात फक्त वजन आणि भाव मांडायला देतो. मग हमाली-तोलाईची वजावट. मग पूर्ण पट्टी. ज्याला पहिल्याच दिवशी पूर्ण पट्टी दिली जाते तो घाबरून तरी जातो, नाहीतर विचार न करता आकडे भरायला शिकतो. दुसरं जास्त वाईट, कारण ती सवय पुढे जात नाही.

छोटं पडत असेल तर तेच काम स्वतःसाठी अवघड करून घ्या. याला कुणाची परवानगी लागत नाही. केळीच्या फण्या धुऊन खोक्यात भरणारी एक ताई खोकं काट्यावर ठेवण्याआधी हातात तोलून वजनाचा अंदाज मनात धरते, मग काटा बघते. एवढीशी गोष्ट, पण बघा, यात नेम आहे, अवघडपणा आहे आणि काट्याचा निकाल त्याच क्षणी मिळतो. चिकसेंटमिहाय यांच्या तिन्ही अटी एका खोक्यात आल्या. आता तिचे अंदाज इतके अचूक येतात की सोबतच्या बायका खोकं तिच्याकडे देऊन विचारतात. मी बेरीज आधी तोंडी करतो, मग कॅल्क्युलेटर. काउंटरवर बसणाऱ्याने गिऱ्हाईक बोलायच्या आत पिशवीतल्या वस्तूंची रक्कम जमवून बघावी. भाकरी करणाऱ्याने प्रत्येक भाकरीची कड सारख्या जाडीची येते का ते बघावं. भरताची वांगी भाजणाऱ्याने वास आणि सालीच्या आवाजावरून ओळखावं की आत शिजलं की नाही, मग सुरी घालून पडताळावं.

काही कामं मात्र कितीही केलं तरी सोपीच राहतात. दळण, निवडणं, झाडणं, गोण्या शिवणं. हात आपसूक चालतात, मन रिकामं. इथे दुसरी वाट घ्यावी लागते: त्या कामाच्या लयीवर दुसरं काम चढवायचं. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या शेतात आणि जात्यावर, हाताने काम चालू असताना जुळत गेल्या, आणि घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. मला त्यांचं हे वाटतं: जात्याची फेरी हाताला सांभाळता येते, म्हणूनच मन शब्दाला देता आलं. सगळ्यांना ओव्या सुचणार नाहीत, हे उघड आहे. पण पाढे, पाठांतर, उद्याच्या व्यवहाराची आखणी, इंग्रजीची दहा वाक्यं, गाणं, काहीही एक ठरवून घ्या. ठरवून. नाहीतर त्या रिकाम्या जागेत कालचं भांडण येऊन बसतं.

ते येऊन बसणं काय करतं, यावर अमेरिकेत हार्वर्डला एक मोठा अभ्यास झाला आहे. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2250 प्रौढ माणसांना दिवसात मधूनमधून फोनवर विचारलं: काय करताय, मन त्यातच आहे का, कसं वाटतंय? 2010 मध्ये निष्कर्ष छापले. जवळपास 47 टक्के वेळा मन हातातल्या कामात नव्हतं. आणि काम कुठलं आहे यापेक्षा मन त्यात आहे की नाही यावरून माणूस सुखी आहे का हे जास्त कळत होतं. भटकणारं मन चांगल्या गोष्टीकडे गेलं तरी माणूस कामात असताना होता त्याहून काही जास्त सुखी होत नव्हता. वाईट गोष्टीकडे गेलं तर स्पष्टपणे दुःखी होत होता.

पायरी पाचवी: पहिली पंधरा मिनिटं सोसा

पंप चालू केला तरी ठिबकच्या शेवटच्या नळीतून पाणी यायला वेळ लागतो. मनाचंही तसंच आहे. पहिली दहा-पंधरा मिनिटं रटाळच जातात. नवीन माणूस नेमका तेव्हाच फोन उचलतो आणि समजतो, आपल्याला हे जमणार नाही. या वेळेसाठी कामाची सुरुवात मुद्दाम बिनडोक ठेवा: टेबल पुसणं, पट्ट्यांचा गठ्ठा नंबरवार लावणं, विळ्याला धार करणं. हात चालू झाले की मन मागे येतं.

पायरी सहावी: तेवढा वेळ राखून ठेवा

सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की मनाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कच्चं होतं. आडत दुकानात दर पाच मिनिटांनी कुणीतरी "माझी पट्टी झाली का भाऊ?" विचारत येतो. त्याला हाकलता येत नाही आणि हाकलूही नये, माल त्याचा आहे. म्हणून उठण्याआधी कागदावर एक ओळ लिहून ठेवा: कुठे होतो, परत आल्यावर पहिलं काय करायचं. "पट्टी 38, हमाली वजा करायची राहिली." लेरॉय यांनी पुढच्या संशोधनात हाच उपाय तपासला आणि तो लागू पडतो असं त्यांना आढळलं. दहा सेकंदांचं काम आहे.

फोन खिशात नको, डोळ्यांसमोर तर नकोच. दुकानाच्या गल्ल्यात ठेवा. घरून तातडीचा फोन येईल अशी काळजी असेल तर शेजारच्या माणसाचा नंबर घरी देऊन ठेवा.

खान्देशात वेळ राखायची म्हणजे ऊन आणि वीज यांच्याशी जमवून घ्यायची. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांना टेकतो. दुपारी पत्र्याखाली बसून एकाग्रतेचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. आपला तुकडा सकाळी दहाच्या आत किंवा उन्हं कलल्यावर ठेवा. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री, पाळीपाळीने मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी झोप होऊ द्या आणि तुकडा दुपारनंतर सरकवा. झोपमोड झालेल्या डोक्याकडून ही अपेक्षा करू नका.

पायरी सातवी: काम कुणाच्या हातात जातं ते बघून या

हे एकदाच करायचं आहे, पण करा. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या सफाई कामगारांचा अभ्यास केला, 2001 साली त्यावर लिहिलं. काम एकच, पण काही जण स्वतःला रोग्याला बरं करणाऱ्यांपैकी एक समजत, रोग्यांशी बोलत, त्यांना कधी काय लागेल हे बघून कामाची वेळ जुळवून घेत. त्याच लोकांना काम कौशल्याचं वाटे आणि त्यात ते रमत.

नव्या मुलाला मी एक दिवस पट्टी लिहू देत नाही. खिडकीबाहेर शेतकऱ्यांसोबत बसवतो. यावलहून, चोपड्याहून पहाटे टेम्पोत बसून आलेला माणूस पट्टी हातात आल्यावर काय करतो ते बघ म्हणतो. तो आधी खालची रक्कम बघतो, मग घरी फोन लावतो. बियाणं, मुलीची फी, सोसायटीचा हप्ता, काय काय त्या एका रकमेवर थांबलेलं असतं. दुसऱ्या दिवशी तो मुलगा आकडे वेगळ्या हाताने लिहितो. मी हे पुन्हा पुन्हा बघितलं आहे.

जपायच्या गोष्टी

बुडालेल्या माणसाला तहान कळत नाही. हीच या अवस्थेची खूण आणि हाच तिचा धोका. उन्हाळ्यात शेतात, भट्टीपाशी, वेल्डिंगला काम करणाऱ्यांनी पाण्याचं भान स्वतःवर सोपवू नये. सोबतीने ठरवावं, दर अर्ध्या तासाला एकाने हाक द्यायची आणि सगळ्यांनी प्यायचं. डोकं गरगरलं, उलटीसारखं वाटलं, तर काम तिथेच टाकायचं, सावलीत जायचं, अंग ओलं करायचं. बोलण्यात भ्रम दिसला तर वाट न बघता दवाखाना. बैठं काम असेल तर पाठ आणि डोळे यांचंही तेच. तुकडा संपला की उठा.

मोबाईलवरचे गेमही माणसाला असेच बुडवतात. नेम, अवघडपणा, झटपट निकाल, सगळं त्यात मुद्दाम बसवलेलं असतं. फरक सहा महिन्यांनी बघा: हातात काही कौशल्य आलं का, कुणाला तुमचा उपयोग झाला का. पैसे लावून खेळायच्या गेमपासून तर लांबच राहा. त्यात बुडालेली घरं आपल्या आसपास आहेत.

आणि हे स्पष्टच लिहितो. जिथे मजुरी बुडवतात, प्यायला पाणी आणि बसायला सावली देत नाहीत, उठता-बसता अपमान करतात, तिथे रमायला शिकणं हे उत्तर नाही. तिथे चार जणांनी मिळून बोलायचं असतं, नाहीतर ती जागा सोडायची असते. "मन लाव, पैशांचं काय घेऊन बसलास" असं सांगणाऱ्या मालकाला हा लेख वापरू देऊ नका.

तसंच, सगळं करूनही आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप आणि भूक उडाली असेल, तर तो कामाच्या मांडणीचा प्रश्न नाही, तब्येतीचा आहे. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काहीही नाही.

घरातल्या कामाबद्दल

हे शेवटी घेतलं, कारण सगळ्यात अवघड हेच. घरातल्या बाईच्या कामाला शेवट नसतो, "छान झालं" असं सांगणारं कुणी नसतं, आणि दर चार मिनिटांनी हाक येते. वरच्या सगळ्या अटी तिथे मोडतात. तरीही वाळवणाच्या दिवसांत बघा: ज्वारीचा घाटा शिजवून ओल्या कापडावर बिबड्या (ज्वारीचे पापड) थापायला चार घरच्या बाया एकत्र बसतात, तेव्हा त्याच बाईचा चेहरा वेगळा असतो. काम ठरलेलं, एवढा घाटा संपला की संपलं. बिबडी जाड की पातळ ते हाताला लगेच कळतं. आणि मुख्य म्हणजे त्या वेळेपुरतं तिला कुणी उठवत नाही.

म्हणून या पायऱ्या तिला वाचून दाखवण्याआधी घरातल्या बाकीच्यांनी एक काम करायचं. ती ज्या तुकड्याला हात घालेल, मग तो मशीनवरचा ब्लाऊज असो की आखाजीचं पुरण, त्या तासाभरात दार, फोन, लेकरं आणि म्हाताऱ्यांचं पाणी-औषध दुसऱ्या कुणीतरी बघायचं. कोण बघणार ते आदल्या रात्री नाव घेऊन ठरवा. "आम्ही आहोत ना" असं मोघम म्हटलं की शेवटी तिलाच उठावं लागतं.